मज्जातंतूंचा कारभार आणि फवारणीचे विष



लागणीपासून तोडणीपर्यंत उसाची निगा कशी राखावी, याची माहिती अशा पत्रकांतून नेहमीच येते. या लेखात उसाऐवजी ऊस पिकवणाऱ्या देहाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. कारण उघड आहे. आपण फवारणीला 'औषध मारणं' म्हणतो, पण डब्यात असते ते विष. बहुतेक कीटकनाशके किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालतात, आणि किडीच्या व माणसाच्या मज्जातंतूंचा कारभार पुष्कळसा एकाच रीतीने चालतो. सबब, आपल्या अंगातला हा कारभार कसा चालतो हे एकदा समजले, की फवारणीच्या वेळची सावधगिरी कोणी सांगावी लागत नाही. ती आपसूक पटते.

आधी पाय उचलतो, मग कळ येते

पाचटातून अनवाणी चालताना पायात उसाचे खुंट घुसले, तर काय होते ते आठवा. पाय झटकन वर येतो, आणि 'आई गं' तोंडातून नंतर निघते. पाय उचलायचा हुकूम मेंदूने दिलेला नसतो. तळव्याकडून निघालेला निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचतो आणि तिथूनच मांडीच्या स्नायूला परत हुकूम सुटतो. एखादी गोष्ट तालुक्यालाच निकालात निघावी आणि जिल्ह्याला फक्त खबर जावी, तसा हा प्रकार आहे. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

दुखण्याची खबर मेंदूकडे जाते तीसुद्धा दोन वाटांनी. एक वाट जलद, तिच्यावरून टोचल्याची तीक्ष्ण जाणीव लगेच पोचते. दुसरी वाट संथ. तिच्यावरून निरोप सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे माणसाच्या चालीने जातो. म्हणून आधी टोच आणि मागाहून ठसठस, असा अनुभव येतो. याउलट स्नायूंच्या स्थितीची खबर नेणारे जाड तंतू सेकंदाला १०० मीटरहून अधिक वेगाने निरोप नेतात. बांधावरून चालताना तोल जातो न जातो तोच सावरला जातो, तो या तंतूंमुळे.

हा वेग मोजता येणारच नाही, असे पूर्वी मोठमोठे विद्वान समजत असत. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायातला मज्जातंतू घेऊन तो मोजला, तो भरला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास.

तारेत मीठ आणि पालाश

मज्जासंस्था ज्या पेशींची बनते त्या मज्जापेशी. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीतून दिसून आले. प्रत्येक पेशीला झाडासारख्या फांद्या असतात, त्यांवर निरोप येतात; आणि एक लांब शेपूट असते, त्यातून निरोप पुढे जातो. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी शेपटी जवळजवळ मीटरभर लांब असते, आणि तरी ती एकाच पेशीचा भाग असते.

निरोप जातो कसा? खतामुळे पालाश आपल्या ओळखीचा आहे. मज्जापेशी पालाशाचे कण आत साठवते आणि मिठातल्या सोडियमचे कण बाहेर ठेवते. त्यामुळे तिच्या भिंतीच्या आतबाहेर विजेचा दाब तयार होतो, व्होल्टाच्या साधारण चौदाव्या भागाइतका. निरोप निघाला की भिंतीतली सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसते आणि त्या जागी दाब उलटा होतो. त्या धक्क्याने पुढचे दार उघडते, त्याने त्याच्या पुढचे. फटाक्यांच्या माळेसारखी ठिणगी पुढे पुढे सरकत जाते. फरक इतकाच, की माळ एकदाच वाजते, तर मज्जातंतू सेकंदाच्या हजाराव्या भागात पुन्हा सज्ज होऊ लागतो. घुसलेले सोडियम बाहेर आणि गेलेले पालाश आत ओढायला पेशीत मोटर बसवल्यासारखी व्यवस्था रात्रंदिवस चालू असते. त्यामुळेच देहाच्या वजनात अवघे दोन टक्के असलेला मेंदू पाचवा हिस्सा इंधन खातो. हे इंधन मुख्यतः ग्लुकोज असते, हे ऐकून ऊसवाल्यांना बरे वाटायला हरकत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारखान्याचा भोंगा एकतर वाजतो, नाहीतर वाजत नाही. अर्धा भोंगा कधी कोणी ऐकला नाही. मज्जातंतूची ठिणगीही तशीच. मोठ्या दुखण्याला मोठी ठिणगी आणि लहानाला लहान, असे नसते. दुखणे मोठे असले की ठिणग्या भराभर सुटतात, लहान असले की सावकाश. मेंदू ठिणग्यांची गर्दी मोजून अंदाज बांधतो.

दोन तारांमधली फट

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मज्जापेशी एकमेकींना जोडलेल्या असतात की सुट्या, यावर मोठा वाद झाला. इटलीच्या गॉल्जीने १८७३ साली चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची रीत शोधली. तीच रीत वापरून स्पेनच्या काहालने १८८८ च्या सुमारास दाखवून दिले, की प्रत्येक पेशी सुटी असते. गॉल्जी म्हणायचा, सगळे मिळून एकच जाळे आहे. १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि त्या समारंभातल्या भाषणातही गॉल्जीने काहालच्या मताला विरोधच केला. पुढे काहालचे म्हणणे खरे ठरले.

पेशी सुट्या, म्हणजे मध्ये फट आली. ही फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी अरुंद असते, पण ठिणगी ती ओलांडू शकत नाही. मग निरोप पलीकडे जातो कसा? याचे उत्तर ऑटो लोवी यांना झोपेत सुचले. रात्री उठून त्यांनी ते कागदावर खरडले, पण सकाळी आपलेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तोच विचार पुन्हा आला, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. हा १९२१ सालचा प्रयोग. बेडकाची दोन हृदये मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाच्या मज्जातंतूला विजेचा चटका दिला, त्याची गती मंदावली. मग त्याच्या भोवतीचे पाणी काढून दुसऱ्या हृदयावर घातले. तर तेही मंदावले. म्हणजे मज्जातंतूच्या टोकातून काहीतरी द्रव्य पाण्यात उतरले होते. हे द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन. या कामाबद्दल लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲसिटिलकोलीन हीच आपल्या देहातली तोडचिठ्ठी समजा. मज्जातंतूच्या टोकाशी या चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. ठिणगी आली की गठ्ठा फुटतो, चिठ्ठ्या फटीपलीकडे जातात आणि स्नायूवरच्या ठरावीक कुलपात किल्लीसारख्या बसतात. स्नायू आखडतो, हात हलतो, छाती फुगते, श्वास आत येतो.

पण चिठ्ठी पोचल्यावर ती रद्द व्हायला हवी ना? कारखान्यात एका चिठ्ठीवर एकच गाडी येते. चिठ्ठी रद्दच झाली नाही, तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा गाड्या येतील, अड्डा तुंबेल आणि शेवटी गव्हाणीत एक मोळी पडणार नाही. देहात चिठ्ठ्या फाडायचे काम कोलिनएस्टरेज नावाचे एक द्रव्य करते. त्याचा एकेक कण सेकंदाला हजारो चिठ्ठ्या फाडतो. म्हणून तर आपण बोट वाकवून लगेच सरळ करू शकतो.

होकार आणि नकार

सगळ्याच चिठ्ठ्या 'कर' म्हणणाऱ्या नसतात. 'करू नको' म्हणणाऱ्याही असतात. एकेका मज्जापेशीवर हजारो ठिकाणांहून होकार-नकार येत असतात. ती त्यांची बेरीज-वजाबाकी करते आणि होकार पुरेसे जास्त झाले तरच ठिणगी सोडते. आपल्या सर्वसाधारण सभेतल्या मतदानासारखेच हे म्हणता येईल. मात्र आपल्याकडे प्रत्येक सभासदाला एकच मत. पेशीकडे मात्र जवळच्या निरोपाला जास्त वजन आणि लांबच्याला कमी. माहितीवर विचार होतो म्हणजे मुळात हेच होते.

नकार बंद पडले तर काय होईल, ते धनुर्वातात दिसते. कोयता किंवा खुरपे लागून झालेल्या जखमेत धनुर्वाताचे जंतू वाढतात. त्यांचे विष मज्जातंतूच्या वाटेनेच मज्जारज्जूत शिरते आणि नकाराच्या चिठ्ठ्या सुटू देत नाही. मग स्नायूंना 'थांब' म्हणणारे कोणी उरत नाही. दातखीळ बसते, अंग धनुष्यासारखे ताठते. धनुर्वाताची लस घेतलेली असेल तर हे टळते. म्हणून जखम किरकोळ दिसली तरी ती धुवावी आणि सुईबद्दल दवाखान्यात विचारावे.

फवारणीचे विष नेमके काय करते

क्लोरपायरीफॉस हे नाव ऊसकऱ्याला नवे नाही. वाळवी, खोडकिडा यांसाठी ते वापरले जाते. हुमणीसाठी एके काळी सर्रास टाकले जाणारे फोरेटही त्याच जातीचे; त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. ही झाली सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे. यांचा वंश जाणून घेण्यासारखा आहे. जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ किडीवर नवे विष शोधत होता. १९३६ साली त्याच्या हाती जे लागले, ते इतके जहाल होते की लष्कराने ते ताब्यात घेतले. तो होता टाबुन हा युद्धातला विषारी वायू. आपल्या कोठीतला डबा त्याचा सौम्य का होईना, पण भाऊबंद आहे.

ही विषे चिठ्ठ्या फाडणाऱ्या कोलिनएस्टरेजला धरून ठेवतात. चिठ्ठ्या फटीत साचत जातात. ग्रंथींना हुकूमावर हुकूम मिळतो, म्हणून घाम फुटतो, लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते. आतड्यांना हुकूम मिळतो, म्हणून मळमळ, उलटी, पोटात कळा, जुलाब. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि अंधुक दिसते. छातीत स्राव साचून घुरघुर होते. स्नायू आधी फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. अड्डा तुंबून गव्हाण बंद पडली, ती ही अशी.

विष तोंडावाटेच जावे लागते असे नाही. ते कातडीतून शिरते, श्वासातून शिरते. पाठीवरचा पंप गळत असेल आणि सदरा भिजून अंगाला चिकटला असेल, तर तास दोन तासांत पुरेसे विष अंगात जाऊ शकते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. उंच वाढलेल्या पिकात शिरून डोक्याच्या उंचीवर फवारणे हे धोक्याचे आहे, आणि ऊस तर कपाशीहून कितीतरी उंच.

"आम्ही तीस वर्षं मारतोय, आम्हाला काय झालं?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की कोलिनएस्टरेज रोज थोडे थोडे खर्ची पडते आणि भरून यायला आठवडे लागतात. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी डोके दुखते, आणि लागोपाठ चौथ्या दिवशी तेवढ्याच फवारणीने माणूस आडवा होऊ शकतो. विष तेवढेच असते, पण तोवर अंगातली शिल्लक संपलेली असते.

इतर कीटकनाशकेही याच कारभारात हात घालतात. कार्बोफ्युरानसारखी विषे कोलिनएस्टरेजलाच पकडतात, पण काही वेळाने सोडतात. इमिडाक्लोप्रिड चिठ्ठीच्या कुलपात अडकते. किडीच्या कुलपात घट्ट, माणसाच्या त्यामानाने सैल. सायपरमेथ्रिनच्या जातीची विषे सोडियमची दारे उघडीच ठेवतात. म्हणजे कमी-जास्त धोका आहे, बिनधोक कोणतेच नाही. डब्यावरचा त्रिकोण बघावा. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि सर्वात कमी विषारी तो हिरवा.

बाधा झाली तर

माणसाला ताबडतोब फवारणीच्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत न्यावे. सगळे कपडे काढून अंग व केस साबणाने धुवावेत. धुणाऱ्याने स्वतःच्या हातात रबरी मोजे घालावेत. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवावे. दूध, तूप, तेल पाजू नये. काही विषे स्निग्ध पदार्थाबरोबर जास्तच भिनतात. मिठाचे पाणी पाजून वा घशात बोटे घालून उलटी काढू नये. १०८ ला फोन करावा आणि जाताना विषाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर न्यावे. डॉक्टरांचा अर्धा वेळ त्याने वाचतो.

दवाखान्यात ॲट्रोपिन देतात. ते काही कुलपांवर झाकण बसवते, त्यामुळे घुरघुर व लाळ आटते. पॅम नावाचे औषध कोलिनएस्टरेजवरची विषाची पकड सोडवण्यासाठी वेळेत देतात. उशीर झाला की ही पकड कायमची होते. गरज पडली तर श्वासाचे यंत्र लावतात. ॲट्रोपिन धोत्र्यातही असते, हे ऐकून कोणी धोत्र्याचे बी घोटून पाजू नये. त्याचे माप चुकले की तेही जीव घेते. आणखी एक इशारा. रोगी सावध झाला म्हणून घाईने घरी आणू नये. एक ते चार दिवसांनी मान व छातीचे स्नायू पुन्हा दुबळे पडण्याचा धोका असतो. डॉक्टर सांगतील तोपर्यंत तिथेच राहावे.

रात्रीची पाळी आणि मण्यार

फटीतला हाच कारभार नाग व मण्यारही मोडतात. नागाचे विष स्नायूवरच्या कुलपात खोट्या किल्लीसारखे जाऊन बसते. खऱ्या चिठ्ठीला जागा उरत नाही. मण्यारीचे विष अलीकडे, तंतूच्या टोकाशी असलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठेच नासवते. मण्यारीच्या दंशाला बहुधा सूजही नसते आणि दुखतही नाही. झोपेत चावली तर माणूस म्हणतो, मुंगी चावली असेल. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या मिटू लागतात, बोबडी वळते, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. अशा वेळी माणूस मेल्यासारखा दिसतो, पण आत तो शुद्धीवर असू शकतो. श्वासाच्या यंत्रावर काही दिवस काढले तर नासलेली टोके पुन्हा फुटतात आणि माणूस चालत घरी येतो. रात्री जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणीत झोपणे हा त्यावरचा साधा उपाय.

उसात आढळणाऱ्या घोणसीचे विष मुख्यतः रक्तावर काम करते, तिची लक्षणे वेगळी. पण उपाय एकच. चावलेला भाग हलू देऊ नये, कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, आणि थेट प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात जावे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत खेड्यातली माणसे अधिक. रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी, काठी आणि पायात गमबूट, एवढे तरी चुकवू नये.

शेवटी एवढेच

विष न वापरता होत असेल तिथे ते टाळावे. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड, हुमणीसाठी मेटारायझियम बुरशी, आणि वळवाचा पाऊस पडला की कडुलिंब-बाभळीवर येणारे भुंगेरे रात्री झाडे हलवून गोळा करणे, हे उपाय कोणाच्याही मज्जातंतूंना हात लावत नाहीत. फवारायचेच असेल तर सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून, पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा व तोंडाला मुखपट्टी लावून फवारावे. पंप गळका नसावा. नळी तुंबली तर तोंडाने फुंकू नये. मध्ये तंबाखू मळू नये, भाकरी खाऊ नये. रिकामा डबा पाण्याला किंवा धान्याला वापरू नये. एकाच माणसाने लागोपाठ दिवस फवारू नये.

आणि एक गोष्ट मालक या नात्याने प्रत्येक सभासदाने मनावर घ्यावी. पुष्कळ ठिकाणी पंप पाठीवर असतो तो रोजंदारीवरच्या गड्याच्या. डब्यावरचे लेबल त्याला कोणी वाचून दाखवत नाही, हातमोजे त्याला कोणी देत नाही, आणि डोके दुखतेय म्हणाला तर 'चहा पी, बरं वाटेल' एवढेच त्याच्या वाट्याला येते. त्याच्या मज्जातंतूंचा कारभारही आपल्यासारखाच चालतो. लेबल त्याला वाचून दाखवा, मोजे-मुखपट्टी द्या, आणि डोके दुखते म्हणाला की पंप खाली ठेवायला सांगा. त्या दिवशीची मजुरी मात्र कापू नका.